तो हर्निया नव्हता

२३ नोव्हेंबर, रवि.

उपांत्य फेरीत हरलो. शेवटची चढाई माझी आणि पकडला गेलो मीच, म्हणजे आता होळीपर्यंत गावात तोंड दाखवायची सोय नाही. समोरच्या संघाचा डावा कोपरारक्षक, रेड्यासारखा आडवा, त्याचा गुडघा बरोबर नको तिथे बसला. मिनिटभर काहीच सुचलं नाही. आमचे कोच नाना रेषेबाहेरून ओरडले, "कबड्डी खेलतो तो मार खातो. ऊठ!" उठलो. हरायला उठलो.

रात्री आंघोळ करताना हात लावून पाहिलं. डावी गोटी जड वाटते. दुखायला पाहिजे ती मात्र दुखत नाही.

३० नोव्हेंबर, रवि.

सूज उतरली, आत काहीतरी कडक राहिलंय. चवळीच्या दाण्यापेक्षा मोठं. दाबलं तरी दुखत नाही.

सरावाला गेल्यावर नानांच्या कानात सांगितलं. नाना कानातलं कानात ठेवणारे नाहीत. सगळ्या संघासमोर निकाल दिला: "परतेक चढाईवाल्याला एकदा तरी व्हतं. आंबेहलद उगालून लाव, लंगोट घट्ट बांध. आमच्या टायमाला आमी असाच बरा केला." पोरं सुटलीच. एक म्हणाला, "पोरगा झालाय ना? मंग काम झालं, आता कंला रडतोस!"

हसलो. काय करणार. आंबेहळद उगाळली.

४ डिसेंबर

दर्शनाने विचारलं, चादरीला पिवळं काय लागलंय. म्हटलं, कबड्डीचा मार. बायकोला यापेक्षा जास्त सांगायचं म्हणजे... नंतर बघू.

९ डिसेंबर, मंगळ.

यार्डात दिवसभर रिकामे कंटेनर तपासले. जहाजावरून आलेला डबा पुन्हा माल भरायच्या लायकीचा आहे की नाही हे ठरवायचं, एवढंच माझं काम. खोक, गंज, फाटलेला रबर. शेवटी आत उभं राहून बाहेरून दार लावून घ्यायचं आणि अंधारात बघायचं, कुठून उजेड येतो का. सुईएवढं भोक असलं तरी दिसतं.

घरी आलो तर द. वाट बघत बसलेली. अन्नू (वय महिने सहा, आमचे साहेब) झोपलेला. तिला नानांच्या बायकोकडून कळलं. म्हणजे गावाला कळलं, मग बायकोला. रागावली की तिच्या 'अहो'चं 'अरे' होतं.

"लोकांच्या डब्याला भोक पडलं तर तीन फोटो काढून रिपोर्ट पाठवतोस. आणि स्वतःला हळद लावतोस? लग्न आहे का तुझं?"

उद्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. तिने ठरवलं.

१६ डिसेंबर, मंगळ.

उद्या-उद्या करत आठवडा गेला. आज द. स्वतः रिक्षात बसली, मग मला बसावंच लागलं.

नेहमीच्या डॉ.नी गाठ बघितली. लगेच सोनोग्राफीला पाठवलं. सोनो.वाला पोरगा आधी क्रिकेटवर बोलत होता, मग बोलायचा थांबला.

रिपोर्टमध्ये मला एकच शब्द कळला. तो इथे लिहीत नाही.

१८ डिसेंबर, गुरु.

लिहितो. कॅन्सर असू शकतो. जवळजवळ आहेच.

नवी मुंबईतल्या मोठ्या हॉ.मधले सर्जन. पन्नाशीचे, आवाज हळू. टेबलावर वाटीत खारे शेंगदाणे, मला पुढे केले. दोन घेतले आणि खिशात टाकले.

माझा पहिला प्रश्न, "सर, गुडघा लागला होता. त्याच्यामुळे झालं?"

"मार लागून हा होत नाही. मार लागला म्हणून तुमचा हात तिथे गेला, एवढंच. नाहीतर अजून चार महिने तुम्हाला कळलं नसतं."

घट्ट लंगोट, खिशातला मोबाईल, ट्रेलरची गरम सीट, सगळ्यांबद्दल विचारून घेतलं. कशानेच नाही. हा रोग म्हणे माझ्याच वयाच्या पोरांना होतो, म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. मी बत्तीस. न दुखणारी गाठ दुखणाऱ्या गाठीपेक्षा वाईट, हेही आजच कळलं. मी तर दुखत नाही म्हणून खूश होतो.

मग त्यांनी डाव्या जांघेतल्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं. "हे कशाचं ऑपरेशन?"

"हर्नियाचं. लहानपणी."

"किती लहान?"

"तिसरी-चौथीत असेन."

ते व्रणाकडे बघत राहिले. "आईला विचारा, नक्की हर्निया होता का. की ही गोटी जन्मापासून वर राहिली होती आणि ऑपरेशन करून खाली आणली."

म्हटलं, त्याने काय फरक पडतो. म्हणाले, "या रोगाची कारणं आम्हाला फारशी सांगता येत नाहीत. जी थोडी सांगता येतात, त्यातलं हे सगळ्यात मोठं. वर राहिलेली गोटी, आणि ती उशिरा खाली आणलेली."

मंगळवारी ऑप. सुई घालून तुकडा काढत नाहीत, पूर्णच काढतात, आणि तेही जांघेतून. रक्त घेतलं, सीटी केला.

परत येताना अटल सेतू दिसला आणि एकदम रडू आलं. द.ने हात धरला होता. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं. भला माणूस.

२० डिसेंबर, शनि.

आई भाकऱ्या थापत होती. विचारलं, माझं लहानपणीचं ऑपरेशन कशाचं होतं?

"हर्नियाचा. सांगतलाय ना किती वेला."

"आई, डॉक्टरांनी विचारलंय."

थापणं चालूच. मग तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले.

"तुजी एक खाली आलीच नव्हती. जल्मापासून. शालेत तपासनीला डॉक्टर आला, त्यानी बघितली. तुजे बाबा बोलले, पोरगा धावतो, खातो, कंला चिरफाड? मी आयकला नाय. मिठागरावरशी उठले नि तुला काखोटीला मारून मुंबैला गेले. पंधरा दीस त्या हास्पिटलाच्या वरांड्यात काढले."

"मग हर्निया का सांगितलं?"

"मंग काय सांगाचा? गावात कलला असता तर तुला पोरगी कोनी दिली असती?"

"डॉक्टर तेव्हा काय म्हणाले होते?"

"बोलले, उशीर केलात. मोठा झाला का त्याला सांगा, लक्ष ठेवाला. वर्साला दाखवाला."

"आणि तू नाही सांगितलंस."

"तू उड्या मारत व्हतास बाला. कबड्डी खेलत व्हतास. मना वाटला, मिटला."

दारात द. उभी. सगळं ऐकलं होतं तिने. एवढंच म्हणाली, "आई, मला कुणी विचारलंच नाही. मी हो म्हटलं असतं."

मला एवढा राग आला की जेवलो नाही. बाबा असते तर त्यांच्यावर ओरडलो असतो. ते नाहीत. आईवर ओरडलो. पंधरा वर्षं मैदानावर लंगोट बांधून नाचतोय आणि घरात एका माणसाला माहीत होतं की...

२२ डिसेंबर, सोम.

ऑप.च्या आधी बी साठवून ठेवायला सांगितलं. पुढे औषधं द्यावी लागली तर, आणि दुसरं मूल हवं असलं तर. एक खोली, एक डबी, भिंतीवर धबधब्याचं कॅलेंडर. बाहेर द. अन्नूला मांडीवर घेऊन बसलेली आणि शेजारची बाई तिला विचारतेय, "मिस्टर कुठे गेले?" द. म्हणाली, "बँकेत."

आम्ही दोघं गाडीत बसेपर्यंत दम धरला. मग हसून हसून डोळ्यांत पाणी. असल्या दिवशीही मला हसवणारी बायको मिळाली, याबद्दल कुणाचे आभार मानू कळत नाही. आईचेच मानावे लागतील, स्थळ तिने आणलं होतं. पण आईशी बोलत नाहीये.

२५ डिसेंबर, गुरु.

घरी. डावी गेली. जागा रिकामी. सर्जनने आधीच विचारलं होतं, सिलिकॉनची बसवायची का, दिसायला तशीच दिसते. म्हटलं, दाखवायची कुणाला? द. म्हणाली, माझ्याकडे बघू नका, मी तक्रार करणार नाही.

एक पुरते. दाढी, आवाज, मूल, सगळ्याला. हे मी तीन वेळा विचारून खात्री केली.

शिंकलं की टाके ओढतात. आई तांदळाची पेज आणून ठेवते आणि जाते. मी पितो. बोलत नाही.

१ जानेवारी

अन्नू उपडा झाला की मागे सरकतो, पुढे नाही. खेकड्याची औलाद. त्याला उचलायची बंदी आहे मला, वजन उचलायचं नाही. तो माझ्याकडे हात करतो आणि मी नुसता बघतो. यापेक्षा टाके बरे.

५ जानेवारी, सोम.

रिपोर्ट. प्रकाराचं नाव सेमिनोमा. त्यातल्या त्यात सरळ स्वभावाचा म्हणे. सीटीत पोटात, छातीत काही नाही. पसरलेला नाही.

सर्जन म्हणाले, दोन वाटा. एक डोस औषधाचा, किंवा नुसती पाळत. पाळत म्हणजे दर काही महिन्यांनी रक्त, सीटी, बरीच वर्षं. "परत येऊ शकतो. आला तरी त्यावर इलाज आहे, वेळेत सापडला तर. चुकवायचं नाही, एवढंच तुमच्या हातात." आम्ही पाळत घेतली. डबे तपासणाऱ्याला तपासून घेण्याचा कंटाळा शोभणार नाही.

मग मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. जरा चिडूनच. लपवलं, सांगितलं नाही, वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"सांगायला हवं होतं, खरं आहे. पण एक सांगू? त्या बाईने तेव्हा ऑपरेशन करून घेतलं नसतं, तर ही गोटी पोटातच राहिली असती. धोका तिथे जास्त. आणि गाठ तिथे झाली असती तर तुमच्या हाताला लागली असती का? पसरल्यावर कळलं असतं. ती खाली होती म्हणून तुम्ही आज इथे बसून चिडू शकताय."

फाईल उचलली.

निघताना सहज विचारलं त्यांनी, "मुलगा आहे ना तुम्हाला? त्याच्या दोन्ही खाली आहेत?"

मी द.कडे बघितलं. द.ने माझ्याकडे. म्हणाली, "लंगोट बदलताना मी काय मोजत बसते?"

त्याला आंघोळ आई घालते. रोज. तेल, मालिश, पायावर उपडा टाकून गरम पाणी.

५ जाने., रात्री

घरी येऊन पाहिलं. उजवी आहे. डावी नाही.

माझ्या रिपोर्टच्या वेळी एवढा घाबरलो नव्हतो. खरंच नव्हतो. स्वतःचं एक वेळ चालतं.

६ जानेवारी, मंगळ.

सकाळी आई न्हाणीत पाटावर बसली, अन्नूला पायांवर घेऊन. मी दारात जाऊन उभा राहिलो. दोन आठवड्यांनी तिच्याशी पहिलं वाक्य:

"आई, त्याची डावी वर आहे ना?"

तांब्या हातातच राहिला. "गरम पानी टाकला का येते कधी कधी. मी रोज बघते. वाट बघते."

"कधीपासून?"

"बारश्यापासून."

वाटलं होतं, ओरडेन. ओरडलो नाही. ती रडत होती, आणि अन्नू तिच्या पायांवर पाणी उडवत हसत होता. तिला वाटत होतं तोंडातून शब्द काढला की तो खरा होईल. मी तरी काय केलं होतं? हळद लावून बसलो होतो.

खाली बसायला टाके देत नव्हते, तरी भिंत धरून बसलो. म्हटलं, "तू तेव्हा मला नेलंस म्हणून मी जगलो. डॉक्टरांनी सांगितलं." तिचा विश्वास बसेना. पुन्हा सांगितलं. सर्जनची सगळी वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. तिने ऐकली आणि मग म्हणाली, "पोराला थंडी वाजल, पंचा दे."

पंचा दिला.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत

अन्नूचं बोरन्हाण. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. हलव्याचा मुकुट त्याने तोडून खाल्ला. गल्लीतली पोरं त्याच्यावर तुटून पडली आणि तो मधे राजासारखा. आईने सगळ्यांना तिळगूळ दिला, मला शेवटी. वाटी पुढे करून तिथेच उभी राहिली. मी पाया पडलो, टाके सांभाळून. द. फोटो काढत होती, तिच्या नाकाचा शेंडा लाल.

खूप बरं वाटलं आज. एवढंच.

८ फेब्रुवारी, रवि.

मैदानावर गेलो, खेळायला नाही, नुसता. नाना बाकावर सरकले. मग म्हणाले, "माजी आंबेहलद..."

म्हटलं, नाना, तुम्हाला काय माहीत. ते म्हणाले, "तेच तर. मना म्हाईत नव्हता तर कंला बोललो?"

मग उठले, शिट्टी मारली, सगळा संघ गोळा केला. मला वाटलं आता भाषण. नाना म्हणाले, "आंगोलीला गेलात का गरम पान्यानी दोनी बोटानी दोनी तपासाची. महिन्याशी एकदा. काय कडक लागला तर मना सांगाचा नाय, डॉक्टरला सांगाचा. जो तपासनार नाय तो संघात नाय." पोरं हसली. नाना हसले नाहीत. मग पोरंही थांबली.

एवढं सरळ मी स्वतः कधी बोललो नसतो. धन्य आमचे नाना.

१० मार्च

गावातल्या बालरोगतज्ज्ञाने अन्नूला बघितलं. म्हणाले, वाटच बघा, उतरते आपोआप. द. म्हणाली, "यांचीही वाटच बघितली होती." मोठ्या हॉ.च्या मुलांच्या सर्जनची वेळ घेतली. माझी तपासणी असते त्याच दिवशी. एका फेरीत बाप आणि लेक, दोघांची सर्व्हिसिंग.

आई म्हणाली, मी पण येते. ती त्या व्हरांड्यानंतर हॉस्पिटलची पायरी चढली नव्हती. बाबांच्या वेळीही नाही.

२३ मार्च, सोम.

सकाळी रक्त दिलं. मग अन्नूची पाळी. आईने नऊवारीच्या ओच्यात त्याचा खुळखुळा घेतला होता, तो वाजत होता सगळीकडे.

मुलांच्या सर्जन म्हणजे एक तरुण बाई. हात गरम करून घेतले, अन्नूला हसवलं, तपासलं. डावी जांघेत लागते. ओढली तर खाली येते, पण थांबत नाही. "तो एक वर्षाचा होईपर्यंत बघू. थांबायला लागली तर उत्तम, फक्त दर वर्षी दाखवा. नाही थांबली तर छोटं ऑपरेशन, लगेच, लांबवायचं नाही." मग पेन उचललं. "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आई बोलली. मिठागरावर एका खाचरातून दुसऱ्यात हाक मारतात त्या आवाजात.

"याच्या बापाची तशीच व्हती. डावीच. नऊ वर्साचा झाला तवा खाली आनली. उशीर झाला. डॉक्टर बोललेले लक्ष ठेवा, मी ठेवला नाय. मंग त्याला कॅन्सर झाला. या येला लिवून घ्या, सगला लिवून घ्या."

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी खरंच सगळं लिहून घेतलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली. छाती भरून आली.

बाहेर आलो. बाकावर एक पोरगी होती, पंचविशीची, मांडीवर तान्हं बाळ. आईला खुणेने बोलावून हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या पोराचं पण असंच आहे... सासू म्हणते कुणाला सांगू नको."

आई तिच्या शेजारी बसली. अन्नूला द.कडे दिलं, पदर खोचला.

तेवढ्यात सीटीला माझं नाव पुकारलं. खिशातल्या चाव्या, पट्टा, सगळं द.कडे दिलं. रिपोर्ट गुरुवारी. भीती वाटते, खोटं कशाला लिहू.

आत जाताना आईचा आवाज येत होता. त्या पोरीला व्हरांड्यापासून सांगत होती.